बाहीतलं खरबूज

गुरुवार

किर्गिझस्तानातल्या आमच्या अख्ख्या काराकोल शहरात माझ्याइतकी हुशार सून नाही. माझ्या सासूचं, म्हणजे अपांचं, नाक असं की शेजारचं दूध उतू जायच्या आधीच त्या भिंतीवरून हाक मारतात. त्या नाकाखाली मी वर्षभर व्हेप, म्हणजे विजेवरची सिगारेट, ओढला! युक्ती सोपी. कोठीत सासऱ्यांचा मेंढीच्या कातडीचा कोट टांगलेला आहे. धूर त्याच्या बाहीत सोडायचा आणि बाहीचं तोंड मुठीत धरायचं. मेलेला माणूस चहाडी करत नाही.

आधी पुदिन्याचा मिळायचा. मग व्हेपवर बंदी आली आणि बाजारातली बाई रुमालाखालून उरेल तो वास देऊ लागली. या खेपेला खरबूज.

अपा बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळत होत्या. गुरुवारी गरम तेलाचा वास सुटला की गेलेल्यांचं पोट भरतं. पीठ आणायला त्या कोठीत शिरल्या, त्या बाहेरच येईनात.

"केलीन," आतून आवाज आला (सुनेला आमच्याकडे अशीच हाक मारतात), "फेब्रुवारीत खरबूज कुठून गं?"

गुरुवार, तीन वर्षांपूर्वीचा (हा आधी सांगायला हवा होता)

सासऱ्यांनी शेवटी खरबूज मागितलं. बाहेर गुडघाभर बर्फ. अपा बाजारभर फिरल्या आणि एक नासपती घेऊन आल्या. तोवर ते गेले होते. तेव्हापासून अपा चिमणीएवढं जेवतात.

पुढचे गुरुवार

"तिकडे मिळालं त्यांना," अपा म्हणाल्या, आणि दोन वाडगे सूप प्यायल्या.

शेजारच्या उपाल जेंगे, म्हणजे उपालवहिनी, कोट हुंगायला आल्या. "नशीबवान आहेस. माझ्या नवऱ्याच्या कोटाला अजून घोड्याचाच वास येतो."

मी मयताला खरबूज पोचवत राहिले. अपांच्या गालांवर मांस आलं.

शेवटचा गुरुवार

"संपलं," बाजारातली बाई म्हणाली. "आता पुदिनाही नाही. सूर्यफुलाच्या बिया चघळ."

वास थांबला की अपा पुन्हा जेवण टाकणार. त्यांना कोट बिनवासाचा सापडण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं. रिकामा व्हेप त्यांच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांनी तो हुंगला. नाक मुरडलं.

"हे खरबूज? हे च्युइंगम आहे. तू कधी खरबूज खाल्लंयस का?"

"पण अपा, बाहीत मीच..."

"कुठल्या बाहीत?"

"उजव्या."

"ते ठाऊक आहे. पुदिन्यापासून ठाऊक आहे. मी डावी हुंगते."

त्या कोठीत गेल्या. बऱ्याच वेळाने ओठ पुसत बाहेर आल्या.

"आज जरा जास्तच पिकलंय," म्हणाल्या, आणि जेवायला बसल्या.

माझा व्हेप सुटला. नवरा म्हणतो, कायदा कडक हवा तो असा. मी मान डोलावते. कोठीतून काही आणायचं असलं की त्यालाच पाठवते.