गोपीचंदभाऊ हिरवे झाले

साकोलीत बसून आपण जे ॲप बनवलं ते पुण्या-बंगळुरूच्या लोकांनी तोंडात बोट घालून बघावं, असं वीरेंद्र कापगतेचं प्रामाणिक मत होतं. हे मत तो कोणी विचारायची वाट न बघता सांगत असे. चहावाल्याला सांगून झालं होतं. ऑफिसच्या खाली कृषी केंद्र होतं, तिथे युरियासाठी उभ्या असलेल्या लोकांनाही सांगून झालं होतं. आज हेमराज शेठची पाळी होती.

शेठच्या तीन राईस मिल आणि एकशे ऐंशी माणसं. त्यांनी ॲप घेतलं तर हे ऑफिस टिकणार होतं. नाही घेतलं तर नागपूरचे मालक कुलूप लावणार आणि वीरेंद्र पुन्हा पुण्यात, एका खोलीत चौघं आणि डब्यातलं पाण्यासारखं वरण! आईच्या हातचं खाऊन सहा महिन्यांत त्याचं वजन आठ किलो वाढलं होतं. हे सुख त्याला कुठल्याही परिस्थितीत सोडायचं नव्हतं.

ॲपचं नाव ‘सोबत’. मनगटावर पट्टा बांधायचा, खिशात फोन ठेवायचा. पट्टा नाडी आणि पावलं मोजणार, आणि माणूस बसला आहे, झोपला आहे की धावतो आहे, हे ऑफिसच्या ग्रुपवर सगळ्यांना दिसणार. आज त्यात नकाशाही आला होता. त्याहून मोठी करामत म्हणजे आपोआप उत्तर. जुने निरोप वाचून ॲप प्रत्येकाची बोलण्याची ढब शिकत असे आणि त्याच्या वतीने परस्पर उत्तर देत असे. अट एकच, नाडी लागली पाहिजे. पट्टा टेबलावर काढून ठेवून माणूस गावभर हिंडू नये, म्हणून ही अट वीरेंद्रने स्वतः घातली होती आणि शंभर वेळा तपासली होती.

साडेअकराला शेठ आले, खुर्चीत मावतील तितके मावले आणि टीव्हीचा रिमोट त्यांनी आपल्या मांडीवर ठेवला. पडद्यावर नकाशा उघडला. ऑफिसच्या सहा माणसांचे सहा हिरवे ठिपके साकोलीच्या चौकाजवळ गुण्यागोविंदाने बसलेले दिसले. वीरेंद्रने घसा साफ केला, आणि तेवढ्यात लाखनीकडे सातवा ठिपका हिरवा झाला.

ठिपक्यावर नाव होतं, गोपीचंद लांजेवार.

वीरेंद्रच्या शेजारी शालू बसली होती. ॲपमधल्या चुका शोधणं हे तिचं काम. तिने ठिपका पाहिला, वीरेंद्रकडे पाहिलं आणि हातातला चहाचा कप हळूच खाली ठेवला. गोपीचंदभाऊ म्हणजे ऑफिसचा फिरता माणूस, गावोगावी जाऊन लोकांना पट्टे बांधून देणारा. वीस दिवसांपूर्वी शेताच्या बांधावर साप चावून ते गेले होते. अख्खं ऑफिस मातीला गेलं होतं. वीरेंद्रने तर खांदाही दिला होता.

पडद्यावर मात्र त्यांची नाडी चौऱ्याऐंशी होती.

‘धावत आहे,’ ॲपने कळवलं. ठिपका राष्ट्रीय महामार्गावरून साकोलीच्या दिशेने ताशी साठच्या वेगाने निघाला होता. खाली फुलबाजा उडाला आणि अक्षरं आली, ‘शाब्बास गोपीचंद! आजवरचा तुमचा सर्वोत्तम वेग.’

शेठ पुढे सरकले. हा पट्ठ्या कोण, अशी त्यांनी चौकशी केली. तो वारला आहे असं सांगितलं असतं, तर मेलेल्याची नाडी दाखवणारं ॲप कोणी विकत घेतलं असतं? वीरेंद्रने सांगितलं, की आमचाच माणूस आहे, जुना आहे.

“मंग विचारा ना त्याले, कुठं आहे तं,” शेठ म्हणाले.

वीस दिवसांत ऑफिसच्या ग्रुपवर भाऊंचं नाव कोणी उघडून पाहिलं नव्हतं, की त्यांना काही विचारलं नव्हतं. मेलेल्या माणसाला कोण कशाला विचारणार? शालूने लिहिलं, ‘भाऊ, तुम्ही कुठे आहात?’

पडद्यावर तीन टिंबं नाचली. मग उत्तर आलं.

‘येऊन राहिलो. पाच मिनट.’

हुबेहूब भाऊ! जन्मभर त्यांनी दुसरं उत्तर कुणाला दिलं नव्हतं.  वीरेंद्रने मनाची समजूत घातली, की उत्तराचं काय, ते आपलंच ॲप देतं आहे. पण नाडीचं काय? नाडीशिवाय ॲप तोंड उघडत नाही, हे त्याच्याइतकं पक्कं जगात कोणाला माहीत होतं? आणि ती नाडी तर आता नव्वदवर गेली होती.

शेठ मात्र खूश होते. हाक मारल्यावर लाखनीहून पळत येणारा माणूस त्यांच्या तिन्ही मिलमध्ये मिळून एक नव्हता. वीरेंद्रने नेट गेल्याचा बहाणा केला, टीव्ही बिघडल्याचा केला, पण रिमोट शेठच्या मांडीवर होता आणि त्या मांडीला हात लावायची त्याची हिंमत नव्हती.

ठिपका बसस्टँडवर थांबला. ‘उभा आहे.’ मग ‘चालत आहे.’ चौक आला, मेडिकल आलं. भर दुपारी बारा वाजता, महामार्गावर ट्रकची रांग लागलेली असताना, त्या खोलीत पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. ठिपका कृषी केंद्राशी आला आणि बाकीच्या सहा ठिपक्यांना चिकटला.

‘जिना चढत आहे,’ ॲप म्हणालं. ‘पायऱ्या : तीन.’

जिना लोखंडी होता. पडद्यावर चार झाले तेव्हा बाहेर चौथ्यांदा वाजलं. पाच. सहा. मध्येच थांबलं, तेव्हा पडद्यावरचा आकडाही थांबला. जिन्याला सतरा पायऱ्या आहेत हे शालूला पाठ होतं, कारण ही सोय तिनेच चढउतार करून तपासली होती. ती डोळे मिटून पुटपुटत मोजू लागली. वीरेंद्रने शेठच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली. त्याला भीती वाटत होती, अगदी लहानपणी वाटायची तशी, आणि ती लपवायचंही त्याला सुचत नव्हतं.

सतरा झाले. दार ढकललं गेलं.

दारात सत्यवतीवहिनी उभ्या होत्या, भाऊंच्या पत्नी. त्या धापा टाकत होत्या. हातात पिशवी, पिशवीत भाऊंचा फोन, आणि मनगटावर बांगड्यांच्या जागी भाऊंचा पट्टा.

शालूने त्यांना पाणी दिलं. निम्मं तिने स्वतःच पिऊन टाकलं होतं.

“वहिनी, हा पट्टा तुम्ही काहून बांधला?” वीरेंद्रने विचारलं.

“तेच म्हनत ना, का एक दिवस बांधला नाई तं त्या दिवसाचा खाना लाल होते, अन् मंग साहेब लोक विचारतेत काहून लाल. म्हून ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मीच बांधून राहिली. एकही लाल नाई होऊ देला, पाहा.”

वीरेंद्रने पाहिलं. भाऊंच्या हजेरीचे वीसच्या वीस रकाने हिरवेगार होते.

आता वहिनी थकल्या होत्या. भाऊंनी कौतुकाने घरच्यांनाही ‘सोबत’ घेऊन दिलं होतं आणि गेल्यानंतरही घरच्या ग्रुपवर ते रोज बोलत होते. पुतण्याने विचारलं, तेरवीला कोण कोण येणार? पहिलं उत्तर भाऊंचं आलं, ‘येऊन राहिलो. पाच मिनट.’ त्यानंतर बोलावलेल्या दीडशेतले वीस जण आले. बुंदी चार दिवस गल्लीत वाटावी लागली. शेजारची म्हातारी तर अजून त्यांच्या दारावरून जात नाही. वहिनींचं मागणं एवढंच होतं, की त्यांना आता गप्प करा.

हे ऐकताना शेठच्या लक्षात आलं, की आपण ज्या माणसावर खूश झालो तो कुठे गेलेला आहे. त्यांनी रिमोट मांडीवरून उचलून टेबलावर, जरा लांबच ठेवला.

वीरेंद्रने घाईघाईने यादी उघडली. कामात, जेवणात, झोपेत, प्रवासात, आजारी, अशा पंधरा अवस्था त्याने मोठ्या हौसेने बनवल्या होत्या. माणूस मरतो, हे लिहायचं राहून गेलं होतं. त्याला फार लाज वाटली. त्यातल्या त्यात जवळची म्हणून त्याने ‘रजेवर’ दाबलं. रजेवरच्या माणसाचं उत्तर बंद होत असे.

ॲपने विचारलं, ‘परत कधी येणार? ही जागा रिकामी ठेवता येणार नाही.’

 वीरेंद्रने वहिनींकडे न बघता शेवटपर्यंत बोट फिरवलं. सगळ्यात लांबची तारीख निघाली एकतीस डिसेंबर दोन हजार नव्व्याण्णव. त्याने दाबलं, आणि ठिपका करडा झाला.

शेठचा चेहरा मात्र उजळला. परतायची तारीख टाकल्याशिवाय रजाच नाही, ही सोय त्यांच्या जन्मात कोणी दाखवली नव्हती. एकशे ऐंशी पट्टे आजच पाठवा, ते म्हणाले. ऑफिस वाचलं होतं, आईचं जेवण वाचलं होतं, आणि वीरेंद्रला वहिनींसमोर हसायचं की नाही ते कळत नव्हतं.

वहिनी पट्टा सोडत सोडत पडद्यावरची तारीख वाचत होत्या.

“एवढी सुट्टी?” त्या म्हणाल्या. “भाचीचा साखरपुडा होता पवनीले. दोन दिवस पायजे म्हून चार निरोप टाकले होते त्याइनं तुमाले. चारी वेळा तुमचं येऊन राहिलं होतं, ‘बघतो, नंतर बोलू.’”

वीरेंद्रने ते निरोप कधी पाहिलेच नव्हते. त्याची नाडी मात्र चारही वेळा व्यवस्थित चालू होती.