सहीच्या पानातल्या चिठ्ठ्या

शिपायाला क्लार्कची परीक्षा द्यायची होती आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटचीच संधी होती. फॉर्म साहेबांच्या टेबलावर शिफारशीविना आठ दिवस पडून होता. त्यात इंग्रजीच्या नावाने बोंब. पण बायको खमकी.

"अहो, ई-ए-आर ही शेपटी धरा. शेपटी तीच, तोंड तेवढं बदलतं. रोज एक तोंड पाठ करायचं."

मग ती रोज त्याच्याकडून चिठ्ठीवर एक शब्द आणि त्याचा अर्थ लिहून घेऊ लागली. दुपारपर्यंत शब्द पाठ होई. चांगला कागद फेकायचा कशाला, म्हणून तो ती चिठ्ठी साहेबांच्या फाईलमध्ये, सहीच्या पानाला खूण म्हणून घाली.

सोमवारी साहेबांनी फाईल उघडली. 'फिअर – भीती.' मंगळवारी 'हिअर – ऐकणे.' बुधवारी 'निअर – जवळ.' साहेबांनी तिन्ही चिठ्ठ्या शेजारी-शेजारी मांडल्या. ही तर धमकी! फाईल सहा टेबलं फिरून येणार, संशय घ्यायचा तरी कुणाचा? गुरुवारी 'टिअर – अश्रू' आलं आणि त्यांनी केबिनचं दार आतून लावून घेतलं. शुक्रवारची 'डिअर – प्रिय' त्यांनी गोंधळून खिशात कोंबली. ती घरी बाईसाहेबांच्या हाती लागली.

शनिवारी साहेब तांबारलेल्या डोळ्यांनी ऑफिसात आले. "हे पाच शब्द प्रत्येकाने माझ्यासमोर लिहायचे. अक्षर जुळेल तो सोमवारपासून घरी!"

हेडक्लार्क कागद वाटत शिपायापाशी आले आणि तसेच पुढे सरकले. "याला राहू द्या, साहेब. याला कुठलं आलंय इंग्रजी!"

सगळे हसले. गप्प राहिला असता तर शिपाई सुटला होता. त्याचं अक्षर त्या ऑफिसात कधी कुणी निरखून पाहिलंच नव्हतं. पण ते हसणं त्याच्या फार जिव्हारी लागलं.

"येतं मला," तो म्हणाला. "चिठ्ठ्या माझ्याच आहेत, साहेब. परीक्षेसाठी पाठ करत होतो. खूण म्हणून घातल्या." आणि त्याने पाचही शब्द अर्थासकट घडाघडा म्हणून दाखवले. वर 'यिअर – वर्ष' हा येत्या सोमवारचासुद्धा म्हटला.

आता कुणी हसलं नाही. साहेबांनी फॉर्म ओढला, शिफारस लिहिली, सही ठोकली. शिपायाला भरून आलं.

"संध्याकाळी माझ्या घरी ये," साहेब हळूच म्हणाले. "बाईसाहेबांपुढे हे सगळं असंच म्हणून दाखव."

"तिथंही परीक्षा आहे, साहेब?"

"आहे ना," साहेब म्हणाले. "पण माझी."