अमेरिकेचा प्रश्न आणि मंडळाचं तूप

लोकशाहीत प्रत्येक मताची किंमत सारखीच असते. फक्त ते कुणाचं आहे हे आधी पाहून घ्यावं लागतं. हे सत्य १९५६ च्या ऑगस्टमध्ये कलकत्त्यात भवानीपूरच्या मराठी स्नेहमंडळात प्राध्यापक विनायकरावांनी मांडलं. ते अमेरिकेपुरतं मांडलं, त्यामुळे कुणाचंच मन दुखावलं नाही.

व्याख्यानाचा विषय होता ‘अमेरिकेतील नीग्रो मतदार’. विनायकराव स्वतः अमेरिकेला गेलेले नव्हते (अलिप्तपणे विचार करायला थोडं अंतर लागतंच), पण तासभर तळमळून बोलले. एका पक्षाने गुलामगिरी उठवली, म्हणून आजोबांनी जन्मभर त्याला मत दिलं. मंदीच्या दिवसांत दुसऱ्या पक्षाने हाताला काम दिलं, म्हणून नातू तिकडे गेला. आणि त्याच दुसऱ्या पक्षात दक्षिणेतले ते सद्गृहस्थ, जे नीग्रोला मतपेटीजवळ फिरकू देत नाहीत. आधी कर मागतात, मग घटनेच्या कलमाचा अर्थ विचारतात.

“दोन्ही पक्षांना त्यांचं मत हवंय,” विनायकरावांचा आवाज भरून आला, “माणूस कुणालाच नकोय!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. पहिल्या रांगेतल्या शारदाबाईंनी डोळे टिपले.

“सर, त्यांना उमेदवारी कोण देतं?” मागच्या रांगेतून श्यामकांतने विचारलं.

“उत्तम प्रश्न! पुढच्या व्याख्यानात घेऊ,” विनायकराव म्हणाले आणि त्यांनी आभारप्रदर्शनाला खूण केली.

श्यामकांत फोर्ट विल्यममध्ये कारकून होता. त्याच्यासारखी दहा-बारा कुटुंबं मंडळात होती, आणि ती नेहमी मागच्या रांगेत बसत, कारण तिथे वारा चांगला येतो असं त्यांना पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं होतं. देशाने अस्पृश्यता रद्द केली सहा वर्षांपूर्वी. मंडळाने त्याच्याही आधी, एकमताने, टाळ्या वाजवून. तेव्हापासून मंडळात कुणी कुणाची जात काढत नसे. ज्याची त्याची सगळ्यांना माहीतच होती.

मंडळात पक्ष दोन. एक स्थायिकांचा, म्हणजे ज्यांचे वडीलही कलकत्त्यातच वारले ते. दुसरा बदलीवाल्यांचा, म्हणजे सरकारने ज्यांना इथे पाठवलं आणि मग जे विसरले गेले ते. दोघांचं बळ अगदी बरोबरीचं, त्यामुळे दर निवडणुकीत फोर्टातली कुटुंबं ज्या बाजूला जातील ती बाजू जिंके. स्थायिक म्हणत, मंडळाचं दार यांना आमच्या वडिलांनी उघडलं. बदलीवाले म्हणत, त्रेचाळीसच्या दुष्काळात यांना तांदूळ आमच्या ओळखीने मिळाला. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, आणि दोन्ही दरवर्षी ऐकवल्या जात.

यंदा अध्यक्षपदासाठी स्थायिकांचे विनायकराव उभे होते. आयुष्यात त्यांना दुसरं काही नको होतं. म्हणून व्याख्यानानंतरच्या रविवारी ते श्यामकांतच्या घरी गेले. त्याची बायको शकुन चहाचं आधण ठेवायला उठली.

“नको हो वहिनी, आत्ताच झाला.”

“काल बदलीवाल्यांचे दिनकरराव आले होते, त्यांचाही आत्ताच झाला होता,” शकुन म्हणाली. “निवडणूक आली की सगळे घरून चहा पिऊनच निघतात.”

विनायकराव मोकळेपणाने हसले. विनोदबुद्धी असलेले मतदार त्यांना आवडत.

“सर, मतं तुम्हालाच देऊ,” श्यामकांत म्हणाला. “पण यंदा मला कार्यकारिणीत घ्या.”

अडचण कार्यकारिणीची नव्हती, तुपाची होती. गणपतीच्या महाप्रसादाला कार्यकारिणीच्या सभासदांच्या बायका पंगतीत तूप वाढत. हे कुठल्याही नियमात लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे ते बदलताही येत नव्हतं.

“विचार करू,” विनायकराव म्हणाले. दिनकरराव तर आदल्या दिवशी “जरूर विचार करू” म्हणून गेले होते.

शेवटी श्यामकांतने कार्यकारिणीसाठी स्वतःच अर्ज भरला.

नऊ वर्षांत सतरंजीच्या रंगावरही ज्यांचं एकमत झालं नव्हतं, ते दोन पक्ष त्या संध्याकाळी विनायकरावांच्या बैठकीत दहा मिनिटांत एक झाले. श्यामकांतला विरोध करणं कुणाच्याच तत्त्वात बसत नव्हतं. तेव्हा तो बिनविरोध निवडून आला. विनायकराव अध्यक्ष झाले, दिनकरराव चिटणीस. आणि नव्या कार्यकारिणीने पहिलाच ठराव केला: सर्व सभासद समान असल्याने यापुढे कोणाही सभासदाने पंगतीत वाढण्याचे कष्ट घेऊ नयेत; वाढपासाठी उडिया ठाकूर नेमावा. (ठाकूर म्हणजे स्वयंपाकी ब्राह्मण. कलकत्त्यात समतेची ही सोय दिवसाच्या बोलीवर मिळते.) ठरावाला श्यामकांतची सूचक म्हणून सही घ्यावी, असं दिनकररावांनी सुचवलं. श्यामकांतने सही केली नाही. हे जरा कृतघ्नपणाचं आहे, असं दोन्ही पक्षांचं मत पडलं.

महाप्रसादाला शकुन सगळ्या बायकांच्या आधी आली. हिरवं नऊवारी लुगडं, केसांत शेवंती, पदर खोचलेला. तुपाच्या भांड्याशी ठाकूर उभा होता.

“सर, तूप?” तिने विनायकरावांना विचारलं.

“वहिनी, आता तुम्ही सन्माननीय! तुम्ही फक्त बसायचं.”

“बसायला काय, मी गेली सहा वर्षं बसतेच आहे,” शकुन म्हणाली. “आज वाढायला आले होते.”

ती बसली नाही. श्यामकांतला घेऊन तशीच निघून गेली. विनायकरावांना वाईट वाटलं, अगदी मनापासून. मग भातावर तूप पडलं.

नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत निवडणूक झाली आणि विनायकरावांचं दुसरं व्याख्यान पहिल्यापेक्षाही रंगलं. शारदाबाईंनी या वेळी दोन रुमाल आणले होते. मागची रांग रिकामी होती, त्यामुळे उशिरा आलेल्यांची चांगली सोय झाली.

या हकिकतीत श्यामकांतचं आडनाव दिलेलं नाही. ज्या वाचकांना ही उणीव मघापासून खटकते आहे, आणि ज्यांनी मनातल्या मनात एक-दोन आडनावं लावूनही पाहिली आहेत, त्यांनी अजिबात संकोच करू नये. विनायकरावांचं आणि दिनकररावांचं आडनावही इथे कुठे दिलेलं नाही. ते मात्र कुणी शोधलं नाही.