घरच्या माणसाचा डॉक्टर

हैबतरावांनी शुगरच्या गोळ्यांचं पाकीट खिडकीत भिरकावलं आणि जाहीर केलं, "आजपासनं गोळ्या बंद! मोबाइलवरचा डाक्टर म्हनतोय, माझी पावडर घ्या, गोळीची गरज न्हाई."

रत्नाबाईंची भाकरी तव्यावरच करपली. शुगर वाढून नवरा मारुंजीच्या भर चौकात चक्कर येऊन पडला होता, तेव्हापासून त्यांनी धसकाच घेतला होता.

"तात्या, तो कोण आहे, काय शिकलाय, काय विकतोय, एवढं तरी बघा," सून दिशा म्हणाली.

"मला सांगतीस? एवढे भाडेकरू ठेवले, मानूस पारखल्याबिगर खोली दिली का कुनाला?"

ते खरंच होतं. फक्त हैबतराव कागदपत्रं बघत नसत. ते गाव विचारत, भावकी विचारत आणि शेवटी मामा विचारत. त्यांनी व्हिडिओखालचा नंबर फिरवला.

"किती डबे पाठवू, काका?" पलीकडून आवाज आला.

"डबे ऱ्हाऊ द्या. तुमचे मामा कुटले?"

"लवळ्याचे. का?"

हैबतराव ताडकन उठले. रत्नाबाईंची आईसुद्धा लवळ्याची. नावाला नाव जुळत गेलं आणि डॉक्टर नरहरी रत्नाबाईंचा लांबचा मावसभाऊ निघाला. "झालं की! घरचाच मानूस हाय!" हैबतराव ओरडले. आता खुद्द देव सांगायला आला असता तरी त्यांनी ऐकलं नसतं. त्यांनी पाहुण्याला रविवारी मटणाचं आवतण दिलं आणि ही बातमी आळीभर केली.

रविवारी अंगणात शुगरवाल्यांची गर्दी जमली. शेजारच्या लीलाबाई तर आपल्या गोळ्या उकिरड्यावर टाकूनच आल्या होत्या. नरहरी गाडीभर डबे घेऊन आला आणि गिऱ्हाईक बघून खुलला.

पान मांडलं, पण रत्नाबाई वाढेनात. त्या गोळ्यांचं पाकीट हातात धरून त्याच्यासमोर बसल्या.

"दादा, तुझ्या-माझ्या आईचं माहेर एकच. खरं सांग, ह्यांच्या गोळ्या बंद करू? बहिनीच्या कुंकवाकडं बघून बोल."

नरहरीनं रश्श्याच्या पातेल्याकडं पाहिलं, अंगणाकडं पाहिलं, मग रत्नाबाईंच्या कपाळाकडं पाहिलं. त्याचा चेहरा पडला.

"गोळ्या चालूच ठेव, ताई. एक दिवस बी चुकवू नको."

"आन तुझी पावडर?"

"अगं, घरच्या माणसाला कुणी देतं का ती?"

तो हळूच बोलला होता, पण अंगण चिडीचूप होतं. लीलाबाई पदर खोचून उकिरड्याकडं पळाल्या. बाकीचे मात्र जाब विचारायला नरहरीच्या गाडीला वेढा घालून उभे राहिले. नरहरीला जेवण काही गोड लागलं नाही.

हैबतरावांनी गोळी तोंडात टाकली, वर तांब्याभर पाणी प्याले आणि ऐटीत सुनेकडं वळले.

"बघितलंस? शिक्षान इचारून काय कळतंय? मामा इचारावा लागतो!"