बाबा, तुम्ही पार्श्वभूमीत आहात

श्यामसुंदर कर्णिकने आपल्या वडिलांचा फोटो काढायचं ठरवलं, तेव्हा त्याच्याकडे कॅमेरा होता, वडील होते आणि रविवारची सकाळ होती. या तीन गोष्टी एकत्र आल्यावर फोटो निघायला हरकत नसावी, असं सर्वसामान्य माणसाला वाटेल. पण श्यामसुंदर सर्वसामान्य माणूस नव्हता. तो उपनगर छायाचित्र मित्रमंडळाचा सभासद होता.

मागणी मूळ वडिलांचीच. मधुकर कर्णिक पालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त होऊन जमाना झालेला, वय ऐंशीच्या पुढे, मुलुंड पूर्वेला मुला-सुनेजवळ राहणारे. त्याच आठवड्यात खालच्या मजल्यावरचे सीताराम सामंत गेले. घरात त्यांचा धड फोटो सापडेना, म्हणून मुलांनी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला आणि त्याला हार घातला. त्या फोटोत सामंत पाकीटमारीत पकडल्यासारखे दिसत होते. मधुकरराव नमस्कार करून वर आले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "श्याम, माझा एक हसरा फोटो काढून ठेव. कवळी नवीन आहे तोवर."

हॉलच्या भिंतीवर श्यामसुंदरच्या आईचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. त्यात ती मनापासून हसत होती. तिच्या शेजारची जागा मधुकररावांनी मनातल्या मनात राखून ठेवली होती, आणि तिथे आपण सामंतांसारखं दिसायचं नाही एवढीच त्यांची इच्छा होती. बायको हसतेय आणि शेजारी आपण कैद्यासारखे, हे त्यांना काही केल्या पटत नव्हतं.

श्यामसुंदर अंधेरीच्या एका विमा कार्यालयात दावे विभागात अधिकारी होता. आलेल्या दाव्यात त्रुटी शोधून तो पूर्ततेसाठी परत पाठवणं हे त्याचं काम, आणि त्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. वडिलांची विनंतीही त्याने त्याच गांभीर्याने दाखल करून घेतली आणि सल्ल्यासाठी मंडळापुढे ठेवली.

मंडळ दर रविवारी घाटकोपरला केयूर वैद्यच्या घरी भरे. सभासद वर्षातून एकदा भांडुपच्या खाडीवर रोहित पक्षी टिपायला जात आणि एकदा खारदांड्याला वाळत घातलेले बोंबील टिपायला. उरलेलं वर्ष कुठल्या कॅमेऱ्याने टिपले असते तर ते बरे आले असते, यावर चर्चा चाले. चर्चेचा मुख्य विषय सेन्सर. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्याच्या पोटातला तो तुकडा, ज्यावर प्रकाश पडून चित्र उमटतं. तो लहान, मधला आणि पूर्ण अशा मापांत मिळतो, आणि मंडळात कोणी खुर्चीवर बसायचं आणि कोणी मोढ्यावर, हे त्या मापावरून ठरे. श्यामसुंदरचा सेन्सर लहान होता. तो मोढ्यावर बसे.

केयूरने प्रकरण नीट ऐकून घेतलं. तो मंडळाचा कार्यवाह होता आणि त्याचा सेन्सर पूर्ण होता. त्याने समजावलं, की व्यक्तिचित्रात माणूस महत्त्वाचा नसतो, मागचं विरघळणं महत्त्वाचं असतं. लहान सेन्सरवर मागचं नीट विरघळत नाही. बाबांच्या मागे फ्रिज आला, दोरीवरचे टॉवेल आले, तर सगळं दिसत राहणार. "बाबांचा फोटो यार एकदाच लागणार भिंतीवर," केयूर म्हणाला. "तो काय लहान सेन्सरवर काढणारेस? आधी टेस्ट तर कर."

चाचणीची पद्धत मंडळाने ठरवून दिलेली होती. पुढे एक वस्तू ठेवायची, मागे एक माणूस बसवायचा आणि वस्तूवर नेम धरून फोटो काढायचा. मागचा माणूस ओळखू आला, तर कॅमेरा नापास. श्यामसुंदरने जेवणाच्या टेबलावर बायकोचा, शुभाचा, मिक्सर ठेवला. मागे बाल्कनीच्या दारात मधुकरराव नव्या कवळीनिशी, भांग पाडून खुर्चीत बसले. आपला फोटो निघतोय अशी त्यांची समजूत होती.

"बाबा, तुम्ही पार्श्वभूमीत आहात," श्यामसुंदरने त्यांना स्पष्ट कल्पना दिली. "मी मिक्सरचा काढतोय."

मग तो गुडघ्यावर बसला, बूड वर करून टेबलाच्या कडेला डोळा लावून मिक्सरला म्हणाला, "थांब, थांब," आणि बटण दाबलं. पन्नाशीतला विमा अधिकारी मिक्सरला थांब म्हणतोय, हे बघून मधुकरराव जे हसले ते शुभा स्वयंपाकघरातून बाहेर येईपर्यंत हसतच होते. श्यामसुंदरने निकाल तपासला. पार्श्वभूमीतील व्यक्ती स्पष्टपणे ओळखू येत होती. कॅमेरा नापास झाला.

इथून स्थलांतराला सुरुवात झाली. एका मापाचा सेन्सर सोडून दुसऱ्या मापाचा घ्यायचा, तर कॅमेऱ्याबरोबर सगळी भिंगंही बदलावी लागतात, कारण एका घराण्याची भिंगं दुसऱ्याला लागत नाहीत. श्यामसुंदरने आपलं लहान बिऱ्हाड मंडळातच विकलं. ते केयूरने घेतलं, सहलीला हलकं बरं म्हणून. मग मधला सेन्सर घरी आला. त्याच्या पूजेचे पेढे शुभाने सोसायटीत वाटले. किंमत काय, हे तिने विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. संसार असाच टिकतो.

पुन्हा मिक्सर, पुन्हा मधुकरराव. या वेळी ते बरेच पुसट आले, पण चष्मा ओळखू येत होता. पुढच्या रविवारी एका सभासदाने मधला सेन्सर हा ना इकडचा ना तिकडचा, अशी टिप्पणी केली आणि ती इतरांनी मान हलवून मंजूर केली. श्यामसुंदरला खुर्ची मिळाली होती, पण दाराजवळची. वर्ष सरायच्या आत मधला सेन्सर गेला आणि पूर्ण आला.

पूर्ण सेन्सरची बातच वेगळी. त्याचं एकेक भिंग डाळीच्या डब्याएवढं. मिक्सरची चाचणी झाली आणि मधुकरराव इतके सुरेख विरघळले, की शुभाने विचारलं, मागे पडदा कुठला लावलास. श्यामसुंदरला धन्य वाटलं. मंडळात तो फोटो मोठ्या पडद्यावर दाखवण्यात आला. बाबांच्या जागी जो मऊ, पिवळट गोळा उमटला होता, त्याचं सर्वांनी तोंड भरून कौतुक केलं.

यानंतर मात्र वडिलांचा फोटो पुढे ढकलायला कारण उरलं नाही. एका सकाळी हॉलमध्ये कॅमेऱ्याचं तिकाटणं उभं राहिलं. बाथरूमची वाट अडल्यामुळे मधुकररावांची नडगी त्यावर दोनदा आपटली होती, तरी ते इस्त्रीचा सदरा घालून बसले. श्यामसुंदरने प्रकाश मोजला, अंतर मोजलं, हनुवटी डावीकडे घ्या म्हणाला, जरा उजवीकडे म्हणाला. मधुकररावांनी हसायला तोंड उघडलं.

"हसू नका बाबा. हसलात की डोळे हलतात, नेम चुकतो."

"मग कधी हसू?"

"आधी एक शार्प येऊ दे. मग बघू."

फोटो निघाला. मोठा करून बघता मधुकररावांचा उजवा डोळा पापणीच्या केसासकट लख्ख दिसत होता आणि डावा डोळा धुक्यात गेला होता. मंडळाची छाननी कडक झाली. अ‍ॅपर्चर, म्हणजे भिंगातलं प्रकाशाचं भोक, बारीक केलं की दोन्ही डोळे स्पष्ट येतात, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण बारीकच करायचं, तर इतका मोठा सेन्सर घेतला कशाला, हा मुद्दा सभेने ग्राह्य धरला. फोटो त्रुटीयुक्त ठरून रद्द झाला. मधुकररावांना कळवण्यात आलं, की त्यांचं प्रकरण विचाराधीन आहे.

तेव्हापासून ते दाढी करताना आरशासमोर जास्त वेळ थांबू लागले. गाल आत चालले होते, कवळी सैल झाली होती, सदऱ्याच्या गळ्यात मान हलत होती. त्यांचा चेहरा रोज थोडा थोडा बदलत होता आणि त्याला श्यामसुंदरच्या वेळापत्रकाशी काही देणंघेणं नव्हतं. शुभा एकदा चिडून म्हणाली, "अरे, मोबाईलवर काढ ना एक." त्यावर श्यामसुंदरने तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी पावतीशिवाय दावा करणाऱ्या माणसाकडे तो कचेरीत पाहत असे. तिने पुन्हा विषय काढला नाही. तिनेही काढला नाही तो फोटो, हेही खरंच.

पूर्ण सेन्सरच्या वजनाने श्यामसुंदरची मान धरली. डॉक्टरांनी पट्टा दिला. मानेला पट्टा लावून तो मंडळात गेला, तेव्हा तिथे वारं फिरलं होतं. आता सगळे हलक्या कॅमेऱ्याबद्दल बोलत होते. जो कॅमेरा जवळ बाळगता येतो तोच खरा, असं केयूर म्हणत होता, आणि लहान सेन्सरवाला एक जण चक्क खुर्चीवर बसला होता. श्यामसुंदरने पूर्ण सेन्सर विकला आणि लहान घ्यायचं नक्की केलं. चांगल्या स्थितीतला एक केयूरकडे होताच. तळाशी ओरखडा होता, तो श्यामसुंदरनेच एकदा पवईच्या तलावाकाठी पाडलेला. केयूर गावाहून आला की देणार होता.

या संक्रमणकाळात एका सकाळी चहा पिताना मधुकररावांच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून चहा ओघळला. त्यांना ते कळलंच नाही. शुभाने बशी खाली ठेवली आणि श्यामला हाक मारली. अर्धांगाचा झटका होता. डॉक्टरांच्या मते सौम्य. जीव वाचला, डावा हात थोडाफार चालू झाला, बोलणं जरा जड झालं तरी समजत होतं. तोंडाची डावी बाजू मात्र खाली उतरली ती उतरलीच. कवळी बसेना, ती वाटीत पडून राहिली. घरी आल्यावर मधुकररावांनी भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, "फोटो राहिला रे, श्याम."

त्यात तक्रार नव्हती. असती तर श्यामसुंदरने तिला उत्तर दिलं असतं. तो त्याचा व्यवसायच होता. त्याला फक्त लाज वाटली, आणि ती कुठे परत पाठवायची हे कळेना. दुसऱ्या दिवशी रजा टाकून तो कॉम्प्युटरसमोर बसला. फोटोंना तोटा नव्हता. मिक्सर होता, बिस्किटांचा पुडा होता, सोसायटीची विटांची भिंत होती. मिक्सरमागे कुठे मऊ गोळा, कुठे पिवळट डाग. तो जुन्याकडे सरकत गेला आणि अगदी पहिल्या चाचणीपाशी थांबला.

पुढे मिक्सर. मागे बाल्कनीचं दार, दोरीवरचे टॉवेल आणि खुर्चीत मान मागे टाकून हसणारे बाबा. काठ किंचित मऊ, पण नवी कवळी, डोळ्यांतलं पाणी, मांडीवर आपटायला उचललेला हात, सगळं ओळखू येत होतं. लहान सेन्सरला मागचं विरघळवता येत नाही, ही त्याची त्रुटी. त्या त्रुटीपायी बाबा शिल्लक राहिले होते.

मधुकररावांनी छापून आणलेला फोटो डोळ्यांजवळ धरून पाहिला. "हा कोणी काढला?"

"मीच."

"मग तेव्हाच का नाही दाखवलास?"

"नापास झाला होता, बाबा."

त्यांनी फोटो त्याच्या हातात परत दिला. मग म्हणाले, "लाव. आत्ताच लाव, नंतर मला कुठे दिसणार आहे. आणि तो मिक्सर कापू नकोस. दात गेल्यापासून त्यानेच जगवलंय."

जिवंत माणसाचा फोटो त्या भिंतीवर लावायला शुभा आधी तयार नव्हती. शेवटी हार घालायचा नाही या अटीवर तिने मान्यता दिली. आई हसत होती, शेजारी बाबा हसत होते, मध्ये मिक्सर होता. मधुकरराव खाली पलंगावर पडून तिकडे बघत आणि त्यांना बरं वाटे.

मग मंडळ आजाऱ्याला भेटायला आलं, शहाळी घेऊन. रविवार असल्यामुळे प्रत्येकाच्या गळ्यात कॅमेरा होता. बाबांना कसं काय विचारून झालं आणि सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. मागचे टॉवेल दिसताहेत, असं एकाने नोंदवलं. दुसऱ्याने नेम मिक्सरवर असल्याचं निदर्शनास आणलं. केयूरने सेन्सर विचारला. लहान, असं श्यामसुंदरने सांगितल्यावर तो म्हणाला, "बघ, लहानच बरा होता. उगाच विकलास. पण आता लहान घेऊ नको रे. पूर्णपेक्षा मोठा सेन्सर आलाय. माझा बुक झाला."

"किती मोठा?" श्यामसुंदरने विचारलं. मानेचा पट्टा सारखा करत तो उठून केयूरच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

त्याला तसं उठताना बघून मधुकरराव हसले. अर्ध्या तोंडाने, नुसत्या हिरड्यांनी, पण मिक्सरच्या वेळी हसले होते तितकंच मनापासून. डोळ्यांतून पाणी आलं, उचलता येत होता तो हात मांडीवर आपटला. मंडळातल्या प्रत्येकाची पाठ त्यांच्याकडे होती. पाहिलं फक्त शुभाने, आणि तिच्या दोन्ही हातांत मंडळाच्या चहाचा ट्रे होता.

ही हकीगत मी आजवर अनेकांना सांगितली. मधुकरराव आता कसे आहेत, हे अजून कोणी विचारलेलं नाही. तो कॅमेरा नेमका कुठल्या कंपनीचा होता, हे मात्र प्रत्येकाने विचारलं. तुम्हीही मघापासून त्याचीच वाट बघत असाल, तर माफ करा. तुमचीही पाठच होती.