हिरव्या खोक्याची कंपनी

मोनिकाने वरमाला उचलली, नवरदेवाने मान वाकवली आणि कॉम्प्युटर थांबला. सकाळपासूनची ही नववी वेळ. हार हवेत लटकलेला, नवरदेवाचा एक डोळा अर्धवट मिटलेला, आणि मागे उभ्या असलेल्या मामांचं तोंड जांभई दिल्यासारखं उघडं. संघपालने टेबलावर मूठ आपटली.

"हे ग्राफिक्स कार्ड विकताना काय म्हणाला होता तो दुकानदार? दहा वर्षं बघायला नको! चार वर्षांत बोंबललं. चोर आहेत सगळे!"

संघपाल शहरातल्या छावणी भागात घरातूनच लग्नांच्या फिल्मा एडिट करून द्यायचा. ही फिल्म फुलंब्रीच्या सर्जेरावांच्या मुलीची, मोनिकाची होती आणि सर्जेरावांचा फोन रोज ठरल्या वेळी यायचा. तो आत्ताही आला.

"संघपालभाऊ, कुठवर आलं? पोरगी अन् जावई सोमवारी जर्मनीला चालले. रविवारी समदी भावकी बघायला जमणार हाय. तवर झालं नाय, तर माझी इज्जत जाईल बघा."

"होऊन जाईल, दादा," संघपाल म्हणाला. फुलंब्रीकडची पुढची तीन लग्नं सर्जेरावांच्या एका शब्दावर मिळायची होती.

विशाखा, त्याची बायको, दवाखान्यातली नर्स. ड्युटीवर निघता निघता ती म्हणाली, "नवीन कार्ड घ्या एकदाचं. पण पंचवीस हजाराच्या वर एक रुपया नाय. अन् कंपनी नीट बघून घ्या. गेल्या वेळी नुसतं खोकं बघून घेतलं होतं."

हे शेवटचं वाक्य त्याला फार लागलं.

पैठण गेटला बद्रीनाथशेठच्या दुकानात भिंतभर खोकी होती. लाल, निळी, हिरवी, आणि प्रत्येकावर तलवार नाहीतर जबडा.

"यातली भरवशाची कंपनी कोणती?" संघपालने विचारलं.

"समद्याच भरवशाच्या, भाऊ. आतली चिप तर एकच हाय."

"म्हणजे?"

"म्हंजे चिप बनवणारा एकच. बाकीच्या कंपन्या त्यावर आपापला पंखा लावतात अन् आपल्या खोक्यात घालून इकतात."

संघपाल तापला. "मग मी भरवसा कशावर ठेवायचा? पंख्यावर? पंखा बसवायला एवढ्या कंपन्या? अन् वॉरंटी किती?"

"तीन वर्षं. पण हे स्टिकर फाटलं की गेली."

"अन् कार्ड बिघडलं तर?"

"मुंबईला कुरिअर करायचं. खर्च तुमचा."

"बिघडणार यांचं अन् खर्च माझा!" संघपाल एवढ्या जोरात ओरडला की शेजारच्या दुकानातली माणसं डोकावली. तो काही न घेता बाहेर पडला.

घरी येऊन त्याने स्वतःच परीक्षा घ्यायची ठरवली. ज्या कंपनीचा माणूस फोनवर नीट बोलेल, तिचंच कार्ड घ्यायचं. लाल खोक्याच्या कंपनीने त्याला पाऊण तास सनई ऐकवली. निळ्या खोक्याच्या कंपनीने एक दाबा, तीन दाबा, नऊ दाबा करत पुन्हा पहिल्या ठिकाणी आणून सोडलं. हिरव्या खोक्याच्या कंपनीत मात्र पहिल्याच घंटीला एक बाई बोलली.

"कौन सा शहर, सर?"

"छत्रपती संभाजीनगर."

"लिस्ट में नहीं दिख रहा, सर."

"पुराना नाम देखो. औरंगाबाद."

"जी हाँ! औरंगाबाद में हमारा अपना सर्विस सेंटर है, सर."

संघपाल खुर्चीतून उठलाच. आपल्याच गावात सेंटर! बद्रीनाथशेठ मुंबईच्या गोष्टी सांगून फसवत होता, हेही त्याला कळलं आणि त्याचा राग आणखी वाढला. त्याच दुपारी तो पैठण गेटला गेला, बद्रीनाथशेठशी एक अक्षर जास्त न बोलता हिरवं खोकं उचललं आणि घरी आला.

कार्ड कॉम्प्युटरच्या डब्यात बसेना. तीन पंख्यांचं ते धूड डब्यापेक्षा चार बोटं लांब होतं. संघपालने खोक्यावरची सगळी अक्षरं वाचली. लांबी कुठेच मोठ्या अक्षरात नव्हती, जबडा मात्र केवढा मोठा होता. शेवटी तो पत्रा कापायची कात्री घेऊन बसला. डब्याच्या आतली एक पट्टी कापली, अंगठाही थोडा कापला, आणि कार्ड आत गेलं. पडद्याची वायर आधी होती तिथेच खोचून त्याने बटण दाबलं. तिन्ही पंखे फिरायला लागले. मोनिकाने वरमाला उचलली, नवरदेवाने मान वाकवली.

आणि हार हवेतच थांबला.

संघपालने हिरव्या कंपनीला फोन लावला. "सर्विस सेंटरचा पत्ता सांगा. आत्ता. अभी!"

"लिखिए सर. औरंगाबाद, बिहार."

"बिहार?"

"जी सर. आप कब तक आ पाएँगे?"

संघपालने फोन आपटला. त्याने डबा उचलला, जुनं कार्ड अन् हिरवं खोकं पिशवीत टाकलं आणि रिक्षाने थेट बद्रीनाथशेठचं दुकान गाठलं. तिथे सात-आठ गिऱ्हाइकं होती. ती बघून त्याला आणखी चेव आला.

"ऐका हो सगळे! यांच्या भरवशाच्या कंपनीचं सेंटर बिहारात हाय! बाहेर तीन पंखे फिरतात अन् आत ठणठणाट! माणसानं पोटाला चिमटा घेऊन पैसं जमवायचे अन् यांनी खोक्यावर जबडं छापायचे! हे कार्ड परत घ्या, नायतर ग्राहक मंचात खेचतो!"

"सील फोडलेला माल परत नाय," बद्रीनाथशेठ शांतपणे म्हणाले. "सरिता, बघ जरा काय झालंय."

सरिता दुकानातली इंजिनियर. तिने डबा टेबलावर ठेवला, कापलेली पट्टी बघून भुवया उंचावल्या आणि डबा मागच्या बाजूने वळवला.

"सर, पडद्याची वायर घरी कुठं लावली होती?"

"इथं, वर. चार वर्षांपासून तिथंच हाय."

सरिताने दुकानातल्या पडद्याची वायर चार बोटं खाली, कार्डाच्या भोकात खोचली. मोनिकाने वरमाला उचलली, नवरदेवाने मान वाकवली, हार अलगद गळ्यात पडला आणि अक्षतांचा पाऊस झाला.

"वरचं भोक कार्डाचं नाय, सर. तिथं वायर लावली तर कार्ड नुसतंच बसून राहतं. हलक्या फिल्मा चालतात, जड आली की अडकते. जुनं कार्ड आणलंय का?"

तिने नवं कार्ड काढून हिरव्या खोक्यात घालून संघपालच्या हातात दिलं आणि जुनं बसवलं. हार तितक्याच अलगद पडला.

"नव्यासारखंच हाय हे," सरिता कार्डावर बोट फिरवत म्हणाली. "कुणी जोडला होता कॉम्प्युटर?"

संघपालने अंगठ्याच्या चिंधीकडे पाहिलं. छावणीत राहायला आल्यावर तो त्यानेच जोडला होता. आता रागवायचं कुणावर, हेच त्याला कळेना.

तेवढ्यात एका वयस्कर गृहस्थाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मी तात्यासाहेब. वेरूळला माझं लॉज हाय. पर्यटकांना लेण्यांची फिल्म दाखवतो, ती अडकत अडकत चालते. लई महाग कार्ड घ्यायला आलोय आज. तुम्हाला या कंपन्यांची चांगली पारख दिसते. कोणती घेऊ?"

बद्रीनाथशेठ कान टवकारून उभे राहिले. संघपालच्या हातात हिरवं खोकं होतं. "हीच घ्या, निम्म्यात देतो" हे शब्द अगदी जिभेवर आले होते. त्याने तात्यासाहेबांच्या भोळ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्याला स्वतःचीच चीड आली.

"आधी लॉजवर फोन लावा," तो म्हणाला. "पडद्याची वायर कुठं लावलीय ते विचारा."

फोन लागला. तिकडे मॅनेजर टेबलाखाली शिरला. वरचं भोक, खालचं भोक, अशी बरीच ओरडाआरड झाली, आणि मग फोनमधून सगळ्या दुकानाला ऐकू येईल असा आवाज आला, "तात्या, पळायलं! पाण्यावानी पळायलं!"

तात्यासाहेबांनी संघपालला मिठी मारली. ते पाहून आणखी दोन गिऱ्हाइकांनी आपापल्या घरी फोन लावले.

आता बद्रीनाथशेठ तापले. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. "अहो, धंदा करू देता का नाय? सकाळधरनं एक गिऱ्हाईक आलं मोठं, त्येबी घालवलं! द्या ते कार्ड इकडं! घ्या तुमचे पैसे! अन् पुन्हा या दुकानात पाऊल टाकू नका!"

संघपालने पैसे खिशात घातले, डबा काखेत मारला आणि पायरी उतरता उतरता तात्यासाहेबांना मोठ्याने सांगितलं, "कधी काही घ्यायचं झालं तर इथूनच घ्या बरं का. लई भरवशाचं दुकान हाय."