इंदूताईंची रंगीत तालीम

इंदूताई पाध्ये आठवड्यातून दोनदा मरत, आणि एकदा मेल्या की दहा मिनिटं उठत नसत.

बनारसच्या आमच्या प्रसूती रुग्णालयात बाळंतपणातल्या आणीबाणीच्या तालमी सुरू करायचं काम माझ्याकडे आलं. एका बाईनं कमरेला कापडी पोट बांधून बाळंतीण व्हायचं. पोटात बाहुलं आणि लाल पाण्याची पिशवी. तरुण नर्स लाजल्या. आमच्या सर्वांत जुन्या सिस्टर इंदूताई मात्र पोट बांधून खाटेवर चढल्यासुद्धा.

मंगला गौरीच्या देवळाजवळ त्यांचं घर, काशीतली पाचवी पिढी. मराठी घरापुरतं, तेही निम्मं हिंदी. "डॉक्टर, जरा ठहरा, मला मूड लागू द्या," म्हणायच्या आणि डोळे मिटायच्या.

लाल पाणी वाहू लागलं की मुलींनी मदतीला हाक मारायची, पोट चोळायचं, इंजेक्शन द्यायचं, सलाईन लावायचं. उशीर झाला की इंदूताई मरत. कधी मरायचं ते त्याच ठरवत. मग उठून, चष्मा लावून झाडाझडती: कोण चहाचं कुजबुजलं, कोणाच्या चपला वाजल्या. तुम्हाला कसं कळलं, असं एकीनं विचारलं, तर म्हणाल्या, "मेले होते, बहिरी नव्हते."

आधी आम्ही खूप हसलो. पण हळूहळू त्या खाटेवरून विशीतल्या पोरीचा आवाज येऊ लागला. "अम्मा को बुला दो." डोळे उघडे, पापणी लवत नसे. एका दुपारी मी त्यांची नाडी पाहिली. मला ती सापडेना. हात ओल्या फरशीसारखा गार. दोन मुलींनी तालमीला यायचंच सोडलं.

त्या दुपारी दहा मिनिटं उलटली तरी त्या उठल्या नाहीत. मुलींना बाहेर पाठवून मी शेजारी बसले. छताकडे बघतच त्या बोलू लागल्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी अशीच एक मुलगी त्यांच्यासमोर गेली होती. अम्माला बोलवा म्हणत होती. अम्मा बाहेर जिन्यावरच बसलेली. इंदूताई रक्ताच्या बाटल्या आणायला धावताना "एक मिनट" म्हणाल्या, आणि बोलावायचं राहून गेलं. ती गेल्यावर सगळे तिच्या उशाशीच ड्यूटीच्या गप्पा मारत होते.

"तिला ऐकू येत असेल का, ते बघते मी."

"येतं?"

"सगळं येतं, डॉक्टर."

महिन्याभरानं खरीच वेळ आली. एका बाळंतिणीचं रक्त थांबेना. मुली न गोंधळता कामाला लागल्या, आणि इंदूताई बाहेर जाऊन तिच्या आईला हाताला धरून आत घेऊन आल्या. बाई वाचली.

सगळं आवरल्यावर मी इंदूताईंना शोधत गेले. तालमीच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. आत त्या रिकाम्या खाटेशेजारी, चादरीवर हात ठेवून बसल्या होत्या. मला वाटलं, रडताहेत. पण त्या हळू आवाजात बोलत होत्या.

"इसकी अम्मा आयी थी, बेटा. आज हमने बुला लिया."

मग थांबल्या. कान देऊन काहीतरी ऐकलं, आणि मान हलवली.

"हाँ, बच्चा भी रोया."